गाडीतली स्क्रीन किती नजर खाते? उभ्या गाडीत मोजायची रीत

नवी गाडी घेताना स्क्रीन किती इंचांची हे कौतुकानं विचारलं जातं. समोरच्या काचेवरची वाफ घालवायचं बटण त्या स्क्रीनवर कितव्या मेनूत आहे आणि ते दाबेपर्यंत नजर रस्त्यावरून किती सेकंद हटते, हा प्रश्न मात्र पावसाळ्यात पन्हाळ्याच्या चढावर पडतो. तोवर गाडी दारात आलेली असते.

हे आधी मोजता येतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन मोबाइल, एक टॉर्च, मेजर टेप, काळा पुठ्ठा, लांब फूटपट्टी, मोकळं आवार आणि दोन मदतनीस एवढ्यावर भागतं. ड्रायव्हिंग स्कूल, ट्रॅव्हल्सवाले, कारखान्याच्या गाड्या सांभाळणारे आणि बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेणारे, सगळ्यांना ही रीत लागू आहे. मोजणी उभ्या गाडीतच करायची, रहदारीत नाही. ज्या गोष्टीनं अपघात होतो का हे बघायचंय, ती रस्त्यावर करून बघण्यात शहाणपण नाही.

नेमकं काय मोजायचं

स्क्रीन तीन गोष्टी घेते: नजर, हात आणि मन. नजरेचं मोजमाप सगळ्यात पक्कं आहे, म्हणून सुरुवात तिथून. अमेरिकेत शंभर गाड्यांवर कॅमेरे लावून रोजचं ड्रायव्हिंग टिपलं गेलं. २००६ साली आलेल्या त्याच्या विश्लेषणात दिसलं की नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका निदान दुप्पट होतो. एनएचटीएसए या अमेरिकी रस्ता सुरक्षा संस्थेनं २०१३ मध्ये याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. एका कामातल्या नजरांची सरासरी २ सेकंदांच्या आत हवी, २ सेकंदांपेक्षा लांब नजरा १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि अख्ख्या कामासाठी रस्त्यावरून हटलेल्या नजरेची बेरीज १२ सेकंदांच्या आत हवी. २४ जणांपैकी निदान २१ जण यात बसले तर ते काम चालत्या गाडीत चालेल असं धरतात. जपानी वाहन उत्पादकांच्या संघटनेचा नियम याहून कडक आहे. त्यांची बेरीज ८ सेकंदांवर थांबते. भारतीय रस्त्यावर बारापेक्षा आठ धरून चालावं हे आमचं मत. आपल्याकडे लेनमध्ये फक्त गाड्या नसतात.

दोन सेकंद म्हणजे किती अंतर? ताशी ४० ला २२ मीटर, ६० ला ३३, ८० ला ४४ आणि १०० ला ५६ मीटर. गळीत हंगामात कोल्हापूरजवळच्या महामार्गावर किणी ते कागल पट्ट्यावरची रात्र डोळ्यांसमोर आणा. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ताशी २० नं चाललाय, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर उसाचा काळा ढीग. तुम्ही ८० नं येताय. दोघांमधलं अंतर सेकंदाला साधारण १७ मीटरनं कमी होतं. लो बीमवर तो ५० मीटरवर दिसायला लागला, तर हातात तीन सेकंद असतात. त्यातले दोन गाणं बदलण्यात गेले की ब्रेकसाठी एक उरतो, आणि ब्रेकवर पाय जायलाच साधारण तेवढा वेळ लागतो.

आधी कामांची यादी

शोरूममधला माणूस जे दाखवतो ते नव्हे, तुमच्या गाडीत खरोखर जे केलं जातं ते लिहून काढा. आठ ते दहा कामं पुरतात. एसीचं तापमान दोन अंशांनी कमी करणं, पंख्याचा वेग वाढवणं, समोरच्या काचेचा डिफॉगर लावणं, आकाशवाणी कोल्हापूर लावणं, ठरावीक गाणं शोधणं, फोनबुकातून एकाला फोन लावणं, आलेला फोन घेणं आणि तोडणं, नकाशात पत्ता टाकणं, नकाशा मोठा-छोटा करणं, मध्येच उगवलेली सूचना बाजूला करणं. गाडीत लेन सोडल्यावर ओरडणारी यंत्रणा असेल तर ती बंद करणं हेही धरा. अरुंद रस्त्यावर ती नको होते आणि लोक ती चालत्या गाडीतच बंद करायला जातात.

प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट आधीच ठरवा. ‘नकाशा होम स्क्रीनवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर’ ही सुरुवात. ‘स्क्रीनवर २२ अंश दिसले आणि हात परत स्टिअरिंगवर’ हा शेवट. हे ठरलं नाही तर दोन माणसांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत आणि सगळी संध्याकाळ वाया जाते.

माणसं निदान आठ घ्या, आणि सगळी विशी-तिशीतली नकोत. चाळिशीचा चष्मा लागलेले दोघे-तिघे हवेतच. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराला, म्हणजे ३५-४० सेंटिमीटरला बेतलेला असतो. गाडीची स्क्रीन ६५ ते ७५ सेंटिमीटरवर असते. बायफोकलमधून ती वरच्या भागातूनही नीट दिसत नाही आणि खालच्या भागातूनही. मग मान वर-खाली होते, आणि प्रत्येक नजर लांबते. तरुण मुलानं ‘मला सवय आहे’ म्हटलं तरी त्याला यादीतून गाळू नका. सवयीचाही आकडा निघतो.

प्रत्येकाला प्रत्येक काम तीनदा करून बघू द्या, मोजणी त्यानंतर. पहिल्याच खेपेचा आकडा स्क्रीनचा नसतो, अनोळखीपणाचा असतो.

टेपनं होणारी कामं

चालकाची सीट नेहमीच्या जागी, पट्टा लावलेला. डोळ्यापासून स्क्रीनच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर आणि स्क्रीनचा मध्य डोळ्याच्या पातळीपासून किती खाली आहे, ही दोन मापं घ्या. नजर ३० अंशांपेक्षा जास्त खाली वळायला नको. त्रिकोणमिती करत बसायची गरज नाही: आडव्या अंतराला ०.५८ नं गुणा. आडवं अंतर ७० सेंटिमीटर असेल तर स्क्रीनचा मध्य ४० सेंटिमीटरपेक्षा खाली नको. बाहेरून बसवलेले स्टिरिओ आणि गिअरजवळच्या कप्प्यात ठेवलेला मोबाइल इथंच नापास होतात. मोबाइल वर घ्यायचा म्हणून होल्डर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका. अपघातात एअरबॅग उघडली की तो होल्डर तोंडावर येतो.

मग स्क्रीनचा आळस मोजा. मोबाइलनं सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगानं बटण दाबतानाचा व्हिडिओ घ्या आणि बोट टेकल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रतिसाद पाव सेकंदात हवा, म्हणजे १५ फ्रेमच्या आत. त्यापेक्षा उशीर झाला की माणूस ‘दाबलं गेलं नाही’ समजून पुन्हा दाबतो. पहिला आणि दुसरा असे दोन्ही दाब लागू होतात, आणि दोन मेनू पुढं गेलेल्या स्क्रीनवर नजर अडकते. गाडी उन्हात तापली असताना हे पुन्हा मोजा. डॅशबोर्डवरचा मोबाइल तापला की आपोआप मंदावतो, आणि उजेडही कमी करतो.

उजेड दोनदा बघा. दुपारी ऊन स्क्रीनवर थेट पडेल अशी गाडी लावा आणि अक्षरं वाचता येतात का ते पाहा. पोलराइज्ड गॉगल लावून बघा, काही कोनांतून काही स्क्रीन काळ्या दिसतात. रात्री हेडलाइट लावल्यावर स्क्रीन आपोआप मंद होते का आणि तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं का ते तपासा. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढं रस्त्याला दिवे नाहीत; तिथं पांढऱ्या पार्श्वभूमीचा नकाशा डोळे दिपवतो. ओल्या बोटानंही एकदा सगळी बटणं दाबा. पावसात छत्री मिटून बसलेल्या माणसाचं बोट कोरडं नसतं, आणि ओलं बोट टचस्क्रीनला नीट कळत नाही.

शेवटी कुलूप. हँडब्रेक सोडलेला असताना स्क्रीनवर व्हिडिओ चालतो का? चालत असेल तर तो बहुधा बसवणाऱ्याचा हात आहे. बाहेरच्या स्टिरिओला हँडब्रेकची एक वेगळी वायर येते. हँडब्रेक ओढला की ती अर्थिंगला जोडली जाते आणि मगच व्हिडिओ सुरू व्हावा, अशी रचना असते. काही दुकानांत ती वायर स्विचपर्यंत न नेता सरळ गाडीच्या बॉडीला अर्थिंग करून देतात, कारण गिऱ्हाईकच तसं मागतं. मग स्टिरिओला गाडी कायम उभीच वाटते. ही वायर शोधून हँडब्रेकच्या स्विचला जोडून घेणं अर्ध्या तासाचं काम आहे.

पुठ्ठ्याची चाचणी

ही सगळ्यात उपयोगी. आयएसओ १६६७३ या आंतरराष्ट्रीय मानकात हीच चाचणी उघडझाप करणाऱ्या खास चष्म्यानं घेतात: दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद दिसत नाही. दिसत नसलेला वेळ म्हणजे चालक रस्त्याकडं बघतोय असं धरायचं. चष्म्याचं काम पुठ्ठा करतो.

मोबाइलवर मेट्रोनोम अ‍ॅप घ्या आणि ठोके मिनिटाला ४० लावा. दोन ठोक्यांमध्ये बरोबर दीड सेकंद येतो. ए-फोर आकाराचा काळा पुठ्ठा फूटपट्टीला चिकटवा. मदतनीस मागच्या सीटवर बसून चालकाच्या डोळ्यांपुढं, चेहऱ्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर पुठ्ठा धरतो. एका ठोक्याला वर, पुढच्या ठोक्याला खाली. पुठ्ठा डोळ्यांपुढंच हवा, स्क्रीनपुढं नको. स्क्रीन झाकली पण हात दिसत राहिला तर चालक बोटाची जागा आधीच धरून ठेवतो आणि आकडे खोटे चांगले येतात. पुठ्ठा असताना हात चालवायला मोकळीक आहे. खऱ्या रस्त्यावरही नजर पुढं ठेवून हात चाचपडतोच.

सुरुवात पुठ्ठा खाली असताना. मदतनीस काम सांगतो, पुढच्या ठोक्याला पुठ्ठा उचलतो आणि उघडझाप मोजायला लागतो. काम संपेपर्यंत किती वेळा पुठ्ठा उचलला? त्याला दीडनं गुणलं की नजरेचा एकूण वेळ. बारा सेकंदांची मर्यादा म्हणजे आठ वेळा. नवव्यांदा पुठ्ठा उचलायला लागला की ते काम चालत्या गाडीसाठी नाही. आठ सेकंदांची कडक फूटपट्टी लावायची तर पाच वेळा उचलण्यातच संपायला हवं. प्रत्येक माणूस, प्रत्येक काम पाच खेपा. पाचांची सरासरी लिहा, चांगली खेप निवडू नका.

लगेच तेच काम पुठ्ठ्याशिवाय करा आणि स्टॉपवॉचवर वेळ घ्या. पुठ्ठ्यातल्या नजरेचा वेळ भागिले हा मोकळा वेळ, हे गुणोत्तर फार काही सांगून जातं. समजा तापमान कमी करायला पुठ्ठा चारदा उचलावा लागला, म्हणजे ६ सेकंद. मोकळ्यानं ५ सेकंद लागले. गुणोत्तर १.२. एकाच्या आसपास किंवा खाली असेल तर ते काम तोडून तोडून करता येतं: बघितलं, दाबलं, रस्त्याकडं वळलो, परत आलो तर काम जिथं सोडलं तिथंच आहे. एकाच्या बरंच वर गेलं की समजायचं, प्रत्येक वेळी परतल्यावर माणूस ‘मी कुठं होतो’ हे शोधतोय.

गुणोत्तर बिघडवणारी नेहमीची खोडी एकच: आपोआप मिटणारी खिडकी. एसीची पट्टी उघडते आणि तीन सेकंद कोणी हात लावला नाही की नाहीशी होते. पुठ्ठा दीड सेकंद खाली, हात हवेत, पट्टी मिटली, पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावर याचा अर्थ असा की जो चालक नीट रस्त्याकडं बघतो त्यालाच ही स्क्रीन शिक्षा करते आणि जो टक लावून बघतो त्याचं काम पटकन होतं. ही वेळ सेटिंगमध्ये वाढवता येते का ते आधी बघा. दुसरी खोडी म्हणजे आपोआप सरकणारी अक्षरं, आणि तिसरी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा बारीक बटणं. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून स्क्रीन डाव्या हातानं चालते. बहुतेकांचा तो कमी सरावाचा हात. बारीक बटणावर त्याचा नेम चुकतो, आणि चुकलेला दाब दुरुस्त करायला दोन नजरा जास्त जातात.

इंजिन चालू ठेवून ही चाचणी घ्यायची असेल तर गाडी मोकळ्यावर हवी, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. नुसतं इग्निशन चालू ठेवून तासभर बसलात तर बॅटरी उतरते.

टॉर्च आणि डिपर: मन कुठं आहे?

पुठ्ठा बोलून होणारी कामं पकडत नाही. ‘अमक्याला फोन लाव’ म्हणताना नजर रस्त्यावर असते, पण ध्यान नसतं. ब्रिटनच्या टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेनं २०२० मध्ये सिम्युलेटरवर बघितलं, तेव्हा मोबाइल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयींपैकी अ‍ॅपल कारप्ले स्पर्शानं वापरताना प्रतिक्रियेचा वेळ ५७ टक्क्यांनी आणि अँड्रॉइड ऑटो वापरताना ५३ टक्क्यांनी वाढला. बोलून वापरतानाही तो अनुक्रमे ३६ आणि ३० टक्क्यांनी वाढलाच. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात बोलून दिलेलं काम संपल्यावरही मन पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागलेले दिसले. ताशी ४० ला हे ३०० मीटर होतात.

याची चाचणी आयएसओ १७४८८ या मानकावरून उचलता येते. संध्याकाळी, अंधार पडू लागल्यावर, गाडी भिंतीपासून पाच-सहा मीटरवर भिंतीकडं तोंड करून लावा. एक मदतनीस डाव्या दाराजवळ उभा राहून टॉर्चचा ठिपका भिंतीवर एक सेकंद टाकतो. दोन ठिपक्यांमध्ये तीन ते पाच सेकंद, पण क्रम अनियमित. मनानं टाकायला गेलं की माणूस नकळत ताल धरतो आणि चालकाला तो कळतो. म्हणून ३, ५, ४, ४, ३, ५ असा क्रम कागदावर आधीच लिहून घ्या. ठिपका दिसला की चालकानं डिपर मारायचा. मागच्या सीटवरचा मोबाइल ३० फ्रेमच्या वेगानं भिंत टिपतो: त्यात ठिपकाही दिसतो आणि हेडलाइटचा झोतही. दोन्हींमधल्या फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद.

आधी दोन मिनिटं काहीही काम न देता. हा त्या माणसाचा आणि त्या गाडीचा पाया. मग दोन मिनिटं तेच काम पुन्हा पुन्हा करत. ०.१ सेकंदाच्या आत आलेला डिपर अंदाजानं मारलेला, तो सोडून द्या; २.५ सेकंदांपर्यंत आला नाही तर ठिपका हुकला. सरासरी वेळ आणि हुकलेल्यांची टक्केवारी, दोन्ही लिहा. हॅलोजन दिवा पेटायला किंचित वेळ घेतो, पण तो दोन्ही खेपांना सारखाच, त्यामुळं फरकात गडबड होत नाही.

डिपरची कांडी उजवीकडं असलेल्या गाड्यांत ही चाचणी सहज होते, कारण डावा हात स्क्रीनसाठी मोकळा राहतो. काही युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांत कांडी डावीकडं असते. तिथं दाबून पेटणारा छोटा टॉर्च स्टिअरिंगला उजव्या अंगठ्याखाली बांधा.

किती वाढ झाली म्हणजे नापास, याचा ठरलेला आकडा नाही. म्हणून स्वतःची तुलना ठेवा. मदतनीस दर दोन सेकंदांनी एक अंक बोलतो आणि चालक प्रत्येक वेळी आधीचा अंक सांगतो. ऐकायला सोपं वाटतं, पण डोक्याला चांगलंच कामाला लावतं. या खेळात जेवढी दिरंगाई झाली तेवढी किंवा त्यापेक्षा जास्त एखाद्या स्क्रीनच्या कामात झाली, तर ते काम लाल शाईत.

बोलण्याची चाचणी घेताना गावांची नावं घालाच. गडमुडशिंगी, हुपरी, वाघबीळ, नरसोबावाडी, गगनबावडा. पाच नावं, प्रत्येक तीनदा, मराठीतून आणि इंग्रजी ढंगानंही. पहिल्या झटक्यात किती बरोबर लागली आणि किती वेळा ‘पुन्हा सांगा’ आलं ते मोजा. यंत्र एकदा चुकलं की चालक थोडा मोठ्यानं बोलतो, दुसऱ्यांदा चुकलं की स्क्रीनकडं बघतो, तिसऱ्यांदा टाइप करायला लागतो. म्हणजे नापास झालेलं बोलणं शेवटी बोटावरच येतं, तेही वैतागलेल्या मनानं. पंखा पूर्ण वेगात, काचा खाली आणि मागं मुलांचा गोंधळ असताना हीच चाचणी पुन्हा घ्या.

गाडी हलवायची असेल तर

सगळं उभ्यानं झाल्यावर, आणि पुठ्ठ्यात पास झालेल्या कामांपुरतंच. ड्युअल ब्रेकची (शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली) ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, शेजारी शिकवणारा, ताशी २०, बंद आवार. साखर कारखान्यांचे ऊस उतरवायचे तळ मे महिन्यात रिकामे असतात. परवानगी मिळाली तर त्याहून चांगली जागा नाही. शंभर मीटर सरळ पट्टा आणि दोन्ही टोकांना पन्नास-पन्नास मीटर मोकळे लागतात.

खडूनं तीन मीटर रुंदीची लेन आखा. लिटरभर पाण्याच्या बाटलीत गेरू कालवून, बुडाशी बारीक भोक पाडून ती मागच्या बंपरच्या मध्यावर बांधा. गाडी गेली की ठिपक्यांची रेघ उरते. दर पाच मीटरला डाव्या खडूरेघेपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजा, वीस आकडे मिळतात. त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते, मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये एका सूत्रात निघतं. तीन खेपा नुसत्या, तीन खेपा काम करत. सकाळी लवकर करा, उन्हात ठिपके मोजायच्या आत वाळतात.

वाचताना एक चकवा सांभाळा. स्क्रीनच्या कामात रेघ वाकडी होते हे सरळ आहे. बोलण्याच्या कामात मात्र ती कधी कधी नेहमीपेक्षाही सरळ येते: नजर एका जागी खिळते, बाजूला बघणं कमी होतं, आणि स्टिअरिंग यंत्रवत धरलं जातं. लेन सांभाळली जाते, पण डाव्या बाजूनं घुसणारी मोपेड दिसत नाही. तशा कामासाठी टॉर्चचा आकडाच खरा. चालकानं काम करताना वेग आपोआप कमी केला का तेही लिहा. न सांगता १५ वर आलेला माणूस डोक्यावर भार आल्याचं पायानं कबूल करत असतो.

निकालाचं काय करायचं

प्रत्येक कामापुढं तीन आकडे येतात: पुठ्ठा किती वेळा उचलला, गुणोत्तर, आणि टॉर्चच्या वेळेत झालेली वाढ. त्यावरून कामं तीन ढिगांत टाका. चालत्या गाडीत चालेल; फक्त सिग्नलला किंवा कडेला थांबून; आणि निघण्याआधीच. पत्ता टाकणं जवळजवळ नेहमी तिसऱ्या ढिगात जातं. समजा त्याला पुठ्ठा १९ वेळा उचलावा लागला, तर नजरेचा वेळ २८ सेकंदांच्या वर. ताशी ६० ला ४७० मीटरहून जास्त.

डिफॉगर, वायपर आणि हॅझर्ड पहिल्या ढिगात आले नाहीत तर ती गाडी घाट उतरणाऱ्यासाठी नाही, असं आम्ही ठाम म्हणू. ही कामं पुढं ढकलता येत नाहीत. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणारी युरोपातली युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं किंवा कांड्या आहेत का हे गुण देताना बघते, ते यामुळंच. स्वीडनच्या एका वाहन मासिकानं २०२२ मध्ये ताशी ११० नं चार ठरावीक कामं करून घेतली. २००५ ची बटणांची व्होल्वो त्यात १० सेकंदांत मोकळी झाली, आणि सगळ्यात मागं राहिलेल्या टचस्क्रीन गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले.

नवी गाडी घ्यायची नसेल तरी आकडे सुधारतात. होम स्क्रीनवर तापमान, डिफॉगर आणि फोन एवढ्याच मोठ्या चौकटी ठेवा. स्टिअरिंगवरच्या मोकळ्या बटणाला रोज लागणारं काम द्या. मेसेजच्या सूचना बंद करा. वाचायची नाही म्हटलं तरी उगवलेली पट्टी नजर खेचतेच. नकाशा रात्रीसाठी काळ्या रंगावर टाका. फोनबुकात आठ-दहा नंबर आवडत्यांत ठेवा, पाचशे नावांची यादी सरकवणं हे नापास ढिगातलं काम आहे. शेजारी माणूस बसला असेल तर स्क्रीन त्याची, असा गाडीतला नियम करा. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत ही तीन ढिगांची यादी सनशेडच्या मागं चिकटवता येते.

कायद्याचा आधार इथं अर्धवट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, चालवताना हातात धरलेलं संवादाचं साधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं. डॅशबोर्डात बसवलेली स्क्रीन हातात नसते. पोलीस तिच्यासाठी थांबवतीलच असं नाही, म्हणून तिचा हिशेब मालकानंच ठेवायचा.

बदल केल्यावर ती ती कामं पुठ्ठ्यातून पुन्हा काढा, किती सुधारलं ते कळतं. सॉफ्टवेअर अपडेट आला की बटणांच्या जागा बदलतात, तेव्हा तारीख लिहून नवी मोजणी करा. आणि बॅटरी काढून परत लावली की काही स्टिरिओ सगळ्या सेटिंग विसरतात: सूचना पुन्हा सुरू, नकाशा पुन्हा पांढरा. गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्याआधी पाच मिनिटं त्यासाठी ठेवा.